मुल्कीचा दाखला

आमच्या हैदराबादेत 'मुल्की' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. मुल्क म्हणजे देश आणि मुल्की म्हणजे त्या देशचा माणूस. जो तसा नाही तो गैरमुल्की. शब्द एवढा साधा, पण त्याच्यापायी ह्या शहरात गोळीबार झाले, एका मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली आणि शेवटी संविधानात दुरुस्ती करावी लागली. आपल्या घरांतल्या जुन्या पेट्यांमध्ये उर्दूत लिहिलेला, कडा झिजलेला एखादा कागद अजून सापडतो. वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत घालू नका. तो कुणाच्या तरी आजोबांचा मुल्कीचा दाखला असू शकतो, आणि त्याच्यावर एका घराची भाकरी शिजली असेल.

नोकरीला माणूस ठेवताना मालक काय विचारतो? आपल्या व्यापारी घरांत मुनीम ठेवायचा तर प्रश्न ठरलेले होते. कोणाचा? कुठला? कोणी पाठवला? गावच्या मंदिराच्या पंचांनी 'आमचाच आहे' म्हटलं की वही हातात यायची. कागद लागायचा नाही. त्यामुळे दुकानदारी करणाऱ्या आपल्या लोकांना मुल्कीच्या दाखल्याची झळ उशिरा लागली. ज्या घरातला मुलगा गादीवर न बसता शाळेत गेला, मॅट्रिक झाला आणि सरकारी नोकरी करतो म्हणाला, त्या घराला तो कागद पहिल्यांदा भेटला. कारण सरकार जेव्हा मालक होतं तेव्हा ते पंचांचं ऐकत नाही. त्याला सहीशिक्क्याचा पुरावा लागतो.

ह्या नियमाची मुळं पहिल्या सालारजंगांच्या काळापर्यंत जातात. 1853 ते 1883 अशी तीस वर्षं ते निजामाचे दिवाण होते. राज्याचा कारभार जुना, खिळखिळा झालेला. तो नवा करायला त्यांनी बाहेरून, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातून, शिकलेली माणसं आणली. माणसं हुशार होती, यात शंका नाही. पण त्यांच्या मागोमाग त्यांचे भाचे-पुतणेही आले. 1884 च्या सुमारास दरबारची भाषा फारसीची उर्दू झाली, तसा त्यांचा जम अधिकच बसला. इथल्या जुन्या घराण्यांना ते सलू लागलं. त्यांत दख्खनी मुसलमान होते, कायस्थ होते आणि आपले मराठी दफ्तरदारही होते. दफ्तर-ए-दिवानी सांभाळणारं राय रायन घराणं मराठीच. 'राज्य आमचं आणि पगार परक्यांना' ही कुरकुर तेव्हापासूनची.

तिला पक्कं रूप आलं 1919 साली, सातव्या निजामाच्या फर्मानाने. मुलकी नोकरीच्या नियमांत कलम घातलं गेलं, की जो मुल्की नाही त्याला निजामाच्या खास मंजुरीशिवाय वरच्या वा खालच्या कोणत्याही जागेवर नेमायचं नाही. 'खास मंजुरी' ही फट ठेवलीच होती, आणि मोठी माणसं तिच्यातून येत राहिली. पण साध्या कारकुनाला, मास्तराला, चपराश्याला दाखला हवाच.

मग मुल्की कोण? त्या नियमांत चार प्रकार दिले होते. जन्माने जो हैदराबाद संस्थानचा प्रजाजन आहे तो. म्हणजे ज्याच्या जन्माच्या वेळी बाप मुल्की होता तो. दुसरा, इथे राहून ज्याने तो हक्क मिळवला तो. त्यासाठी निदान पंधरा वर्षं कायमचा रहिवास हवा, शिवाय पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करायचं. (मनातला विचार कागदावर कसा उतरवतात हे त्या मॅजिस्ट्रेटलाच ठाऊक. आपल्याकडची माणसं चार पिढ्या इथे राहूनही कुलाचाराला मूळ गावी जातात.) तिसरा, ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत होता आणि त्या नोकरीची पंधरा वर्षं पुरी झाली होती तो. आणि चौथा प्रकार पुरुषाचा नाहीच. मुल्कीची बायको ती मुल्की.

हे चौथं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते दिलदारपणाचं वाटलं. पुढचं एक कलम वाचलं आणि चित्र पालटलं. मुल्की स्त्रीने गैरमुल्कीशी लग्न केलं, तर नवऱ्याच्या हयातीत तिला मुल्कीचा हक्क नाही. अपवाद एवढाच, की न्यायालयाने तिला नवऱ्यापासून वेगळं केलं असेल किंवा ते लग्नच रद्द झालं असेल. म्हणजे बघा, ती ह्याच मातीत जन्मली, तिचा बाप, आजा, पणजा इथलेच. पण मंगळसूत्र गळ्यात पडलं आणि तिचं गाव पुसलं गेलं. ते परत मिळवायचे मार्ग तीन : काडीमोडासारखं काही, लग्न रद्द होणं, नाहीतर वैधव्य. आणि मुल्की पुरुषाने बाहेरची बायको केली तर? त्याचं काहीच जात नव्हतं. उलट तीच मुल्की व्हायची.

आता आपल्या समाजाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते, आणि सोलापूर-बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. कुंथलगिरी आपली, पण निजामाच्या हद्दीत. बार्शीहून यात्रेला निघालेली बैलगाडी वाटेत राज्य बदलायची. यात्रेला जाणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे, तसं सोयरिक जुळवणाऱ्यांनाही नसे. तुळजापूर-उस्मानाबादची मुलगी सोलापुरात, बार्शीची मुलगी उस्मानाबादेत, ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. पत्रिका, गोत्र, हुंडा, हातरुण-पांघरुण सगळं बघितलं जायचं. सोयरा कुठल्या सरकारची प्रजा आहे हे कोण बघतो? पण 1919 नंतर त्या सीमेवरच्या प्रत्येक लग्नात कागदोपत्री एका मुलीचा देश बदलत होता. तिला कोणी सांगत नव्हतं, आणि ती नोकरी मागायला गेली नाही तर आयुष्यभर कळतही नव्हतं.

माझ्या आजेसासूबाई बार्शीकडच्या. लग्न करून निजामाच्या मुलुखात आल्या आणि त्याच दिवशी मुल्की झाल्या. अंगठा उठवण्यापलीकडे त्यांचा कागदाशी संबंध नव्हता, त्यामुळे त्यांना त्या हक्काचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या आत्येसासूबाईंचं, उलटं झालं. त्या चांगल्या शिकल्या. भावाकडे हैदराबादला राहून शिकल्या, कारण तेव्हा मुलींना पुढे शिकायचं तर जिल्ह्याच्या गावी काय सोय होती? लग्न झालं सोलापूरच्या मुलाशी, पण तो बेगमबाजारात कापडाच्या दुकानी होता, म्हणून संसार इथेच. दोन मुलं झाली, दुकानातून पैसा पुरेना, तेव्हा बाईंनी मुलींच्या शाळेतल्या जागेसाठी अर्ज केला. कचेरीतल्या कारकुनाने त्यांच्या वडिलांचा दाखला बाजूला सारला आणि विचारलं, 'शौहर कहाँ के हैं?'

सोलापूर म्हटल्यावर विषय संपला. नवऱ्याला येऊन पाचच वर्षं झाली होती, अजून दहा बाकी. पुढे ही गोष्ट सांगताना आत्याबाई हसून म्हणायच्या, 'त्या बाबाला मी म्हटलं, परीक्षा मी दिली आहे हो, ह्यांनी नाही.' त्यांनी घरोघर शिकवण्या धरल्या. बेगमबाजारातल्या दोन-तीन पिढ्यांतल्या मुली मराठी मोडी आणि हिशेब त्यांच्याकडे शिकल्या. नवऱ्याची पंधरा वर्षं भरत आली तोवर निजामाचं राज्य गेलं होतं.

राज्य गेलं, नियम गेला नाही. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली. 1950 साली संविधान आलं. त्यात सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी आहे आणि नुसत्या जन्मस्थानावरून वा रहिवासावरून कोणाला नाकारायचं नाही असं 16 वं कलम सांगतं. पण रहिवासाची अट घालणारे जुने कायदे, संसद ते बदलेपर्यंत चालू राहतील, अशी सोय 35 व्या कलमात होती. त्या आडोशाला मुल्कीचे नियम टिकले. आणि नेमके ह्याच दिवसांत बाहेरचे लोक वाढले. नव्या सरकारला इंग्रजी जाणणारे कारकून हवे होते, शाळांत उर्दूच्या जागी तेलुगू-मराठी-कन्नड आलं म्हणून शिक्षक हवे होते. मद्रास इलाख्यातून माणसं येऊ लागली. त्यांच्याजवळही मुल्कीचे दाखले असायचे! काल उतरलेल्या माणसाजवळ पंधरा वर्षांचा रहिवास कसा? लोक म्हणाले, कचेरीत पैसे टाकले की मिळतो.

ह्यातून 1952 चं आंदोलन पेटलं. सुरुवात वरंगळच्या विद्यार्थ्यांनी केली, मग हैदराबाद. 'नॉन-मुल्की गो बॅक' ह्या घोषणेच्या जोडीला 'इडली सांबार गो बॅक' अशीही घोषणा होती. आज हैदराबादेत सकाळी इडलीच्या गाडीसमोर उभ्या असलेल्यांना हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. 3 आणि 4 सप्टेंबरला सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. बुर्गुल रामकृष्णराव तेव्हा मुख्यमंत्री होते. न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डींची चौकशी बसली. एक लक्षात ठेवायला हवं, की तोवर परभणीचा किंवा नांदेडचा मराठी माणूस हैदराबादेत पक्का मुल्की होता. घोषणा देणाऱ्यांच्या बाजूचा.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि तेलंगण आंध्राशी जोडलं गेलं. एका रात्रीत औरंगाबादचा मुल्की हैदराबादेत परका झाला. ज्यांनी इथेच राहायचं ठरवलं त्या मराठी घरांना आता तेलंगणातला रहिवास सिद्ध करायचा होता. 1957 साली संसदेने रहिवासाच्या अटीचा कायदा केला, 1959 पासून त्याचे नियम लागू झाले. तेलंगणात खालच्या दर्जाच्या सरकारी नोकऱ्यांसाठी पंधरा वर्षांचा सलग रहिवास, आणि त्याचा दाखला महसूल अधिकाऱ्याकडून. मुदत पाच वर्षांची होती, ती दोनदा वाढवली. आमच्या घरी माझ्या सासऱ्यांनी घरपट्टीच्या पावत्या, शाळा सोडल्याचे दाखले, एवढंच काय मंदिराच्या देणगीची पुस्तकंसुद्धा जपून ठेवली होती. देणगीच्या पावतीवर तारीख आणि पत्ता असतो ना! पुण्याचा असाही उपयोग.

1969 साली पुन्हा भडका उडाला. ह्या वेळी ठिणगी खम्मम जिल्ह्यातल्या वीजकेंद्राच्या नोकऱ्यांवरून पडली. गैरमुल्कींना फेब्रुवारीअखेर परत पाठवू, असा आदेश सरकारने काढला. पण 28 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या कायद्यातलं ते कलमच रद्द केलं. कारण साधं होतं. संविधानाने अख्ख्या राज्यातल्या रहिवासाची अट घालायची मुभा दिली आहे, राज्याच्या एका भागातल्या रहिवासाची नाही. त्या वर्षी तेलंगणात किती जण मेले? लोक 369 हा आकडा सांगतात, आणि गनपार्कमधल्या स्मारकासमोर अजून फुलं वाहिली जातात.

मग गंमत अशी, की कायदा गेला तर त्याच्याखाली दबलेले जुने मुल्की नियम जिवंत आहेत का, हा वाद उभा राहिला. उच्च न्यायालय म्हणालं नाहीत. 3 ऑक्टोबर 1972 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहेत. निजामाचं 1919 चं फर्मान प्रजासत्ताकाच्या तेविसाव्या वर्षी कायदेशीर ठरलं! मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह रावांनी निकालाचं स्वागत केलं आणि किनाऱ्याकडचा आंध्र पेटला. जानेवारी 1973 मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं, राष्ट्रपती राजवट आली. हे पुढे पंतप्रधान झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मराठी बायकांना त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, 'अबला जीवितम्' ह्या नावाने. आपट्यांच्या यमूचं दुःख तेलुगूत उतरवणाऱ्या माणसाची खुर्ची ज्या नियमांपायी गेली, त्या नियमांतलं बायकांचं कलम त्या सगळ्या गदारोळात कोणी चर्चेला घेतल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. वाद सारा आंध्र आणि तेलंगण ह्यांच्यातला होता. माहेर आणि सासर ह्यांच्यातला वाद कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

21 सप्टेंबर 1973 ला सहा कलमी तोडगा निघाला. मुल्कीचे नियम कायद्याने रद्द झाले, बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने 371-ड हे कलम आलं आणि 18 ऑक्टोबर 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने 'मुल्की'च्या जागी 'लोकल' हा शब्द बसला.

आणि इथे माझ्या दृष्टीने खरी क्रांती झाली, जरी तिच्यासाठी कोणी मिरवणूक काढली नाही. स्थानिक कोण, हे ठरवायला आता बाप विचारायचा नव्हता की नवरा विचारायचा नव्हता. उमेदवार कुठल्या शाळेत शिकला हे विचारायचं होतं. दहावीचं वर्ष धरून मागची सलग चार वर्षं ज्या भागातल्या शाळेत गेली, त्या भागाचा तो स्थानिक. किंवा ती. कारकुनाच्या पातळीपर्यंत 80 टक्के, त्यावरच्या बिगर-राजपत्रित जागांत 70, काही राजपत्रित जागांत 60 टक्के जागा स्थानिकांना. नेमणूक करणाऱ्या खात्याने तपासायचा कागद म्हणजे शाळेचा बोनाफाइड दाखला. मुलगी कुणाशीही लग्न करो, कुठल्याही राज्यात नांदो, तिने बाकावर बसून काढलेली चार वर्षं तिचीच राहतात. आत्याबाईंना हा नियम लागू असता तर त्या कारकुनाला दुसरा प्रश्न विचारावा लागला असता.

पण आपल्या घरांत ह्याची दुसरी बाजूही आली. आपण सुना कुठून आणतो? लातूर, नांदेड, सोलापूर, बेळगाव. ती बी.एड. होऊन येते, वीस वर्षं हैदराबादेत राहते, तिचं रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, पोरं इथल्या शाळेत. नोकरीच्या अर्जात मात्र ती 'नॉन-लोकल'. कारण तिची शाळा लातूरला. 1919 च्या त्या अन्यायी नियमाने तिला लग्नाच्या मांडवातच मुल्की केलं असतं. 1975 चा नियम तिला तिच्या स्वतःच्या शाळेवरून मोजतो, आणि म्हणून बाहेर ठेवतो. माझ्या पुतणसुनेला हे समजावून सांगताना मला काय म्हणावं कळेना. ती म्हणाली, 'काकू, म्हणजे पूर्वी मला ह्यांच्यामुळे नोकरी मिळाली असती आणि आता माझ्यामुळे नाही मिळत.' मी म्हटलं, तसंच. ती म्हणाली, मग हाच बरा. मला तिच्याइतकं पटकन ठरवता आलं नाही. फीचा आकडा समोर असताना तत्त्व बोलायला धीर लागतो, आणि तिच्यात तो आहे. ती आता एका खाजगी शाळेत शिकवते. तिथे बोनाफाइड विचारत नाहीत, पगारही तसाच देतात.

तपासणी किती काटेकोर झाली, हा प्रश्न वेगळाच. 30 डिसेंबर 1985 ला सरकारला 610 क्रमांकाचा आदेश काढावा लागला, की नियम मोडून नेमलेल्यांना आपापल्या भागात परत पाठवा. 2001 साली गिरग्लानी समिती बसवावी लागली, कारण तो आदेशही पुरता अमलात आला नव्हता. वेगळ्या तेलंगणाच्या मागणीत पाण्याइतकाच हा नोकऱ्यांचा राग होता. 2 जून 2014 ला राज्य वेगळं झालं. 2018 च्या नव्या आदेशाने 95 टक्के जागा स्थानिकांना ठेवल्या, आणि शाळेचा हिशेब दहावीवरून खाली आणला. आता पहिली ते सातवी ह्या सात वर्षांपैकी निदान चार वर्षं कुठे गेली ते बघतात.

म्हणून सध्या आमच्या मंदिरात स्वाध्यायाच्या आधी बायकांची निराळीच चर्चा चालते. कोणाच्या मुलीची पहिली-दुसरीची शाळा बंद पडली, कोणाच्या शाळेचं नाव बदललं, कोणाची मुलगी बाळंतपणाच्या नाहीतर बदलीच्या गडबडीत दोन वर्षं आजोळी लातूरला शिकली होती. तिसरीतल्या पोरीचा दाखला वीस वर्षांनी लागेल हे तेव्हा कोणाच्या डोक्यात असतं? ज्यांच्या मुली लहान आहेत त्यांना मी सांगते, दर वर्षीच्या निकालासोबत बोनाफाइड मागून घ्या आणि लग्नाच्या कागदांत नको, वेगळ्या फायलीत ठेवा. आणि जी शाळेतच गेली नाही, घरी शिकून बाहेरून परीक्षेला बसली, तिला रहिवासाचा दाखला काढायला अजून तहसीलदाराच्याच कचेरीत जावं लागतं.